उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठी ‘विविधता आणि समावेशन’ प्रशिक्षण: कोणता भाग घ्यावा, कोणता सोडावा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे आणि होनगा भागातल्या मध्यम कारखान्यांना सध्या एक प्रशिक्षण-सेवा देऊ केली जाते. तिचे तीन टप्पे आहेत. आधी माहितीपत्रक भरून मनुष्यबळाची मोजणी होते, मग एक दिवसाची कार्यशाळा आणि तीन महिन्यांनी शॉपफ्लोअरवर पाहणीची भेट. आमचं मत आधीच सांगतो. मोजणीचं माहितीपत्रक आहे तसं वापरू नका. कार्यशाळेचा सकाळचा अर्धा दिवस वगळला तरी फारसं नुकसान नाही. पाहणीची भेट मात्र पूर्ण किमतीची आहे, आणि खर्च वाचवायचा म्हणून नेमकी तीच गाळण्याचा मोह होतो.

ही सेवा घ्यायची वेळ का येते, हे समजलं की तिच्यातले दोषही समजतात. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा) अहवाल बंधनकारक केला. त्यात महिला किती, दिव्यांग किती, तक्रारी किती याचे आकडे द्यावे लागतात. या कंपन्या मग आपल्या पुरवठादारांकडेही प्रश्नावली पाठवतात. कास्टिंग आणि मशिनिंगचं काम करणाऱ्या इथल्या कारखान्याच्या टेबलावर ती येऊन पडते, आणि एचआर शोधाशोध करून हे प्रशिक्षण मागवतो. त्यामुळे सगळी घाई रकाने भरण्याची असते. रकाने विविधतेचे असतात. समावेशनासाठी त्या प्रश्नावलीत फार तर धोरण आहे की नाही एवढीच विचारणा असते.

फरक तसा सरळ आहे. हजेरीपटावर कोण कोण आहे ती विविधता. त्यातल्या प्रत्येकाला काम नीट शिकता येतं का, धोका वेळेवर कळतो का, तक्रार करता येते का, वरची जागा मिळते का, ते समावेशन. हजेरीपट एका सकाळी बदलता येतो, दुसरी बाब बदलायला वर्ष लागतं. सकाळच्या सत्रात हेच चाळीसेक स्लाइडमधून सांगितलं जातं, बरंचसं मोठ्या शहरांतल्या ऑफिसांची चित्रं दाखवून. मोल्डिंग लाइनवरच्या सुपरवायझरला त्या चित्रांत आपलं काहीच दिसत नाही.

दुपारचं सत्र वेगळं आहे, आणि चांगलं आहे. कारखान्यातल्या शेवटच्या दहा सकाळच्या मीटिंगांची वही समोर ठेवतात. कोण बोललं, कोणाची सूचना वहीत उतरली, कोणाच्या नावावर काम सोपवलं, याच्या खुणा मारायला सांगतात. सोबत महिन्याभराची ओव्हरटाइमची यादी आणि गेल्या दोन वर्षांतल्या बढत्यांची यादी. तिन्ही याद्या शेजारी ठेवल्या की व्याख्यानाची गरज उरत नाही. कोअर शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे (कोअर) बनवणाऱ्या खात्यात, दहा-दहा वर्षं काम करणाऱ्या बायकांचं नाव मीटिंगच्या वहीत एकदाही नसतं. कोअर मोडण्याचं कारण वाळू धरून ठेवणाऱ्या बाइंडरमध्ये आहे की वाळूच्या ओलाव्यात, हे त्या बहुतेकदा आधी ओळखतात, पण मीटिंगला त्यांना बोलावलेलंच नसतं. हा व्यायाम कोणत्याही कारखान्याला स्वतःच्या बळावर करता येईल. एकच अट आहे: खुणा मारणारा माणूस त्या मीटिंगचा प्रमुख नसावा.

आता माहितीपत्रकाकडे वळू, कारण सीमाभागात खरी गफलत तिथेच होते. त्यात भाषेचा एकच रकाना आहे: मातृभाषा. पुण्यात कदाचित ते चालून जाईल, बेळगावात अजिबात चालत नाही. खानापूर तालुक्यातला तरुण घरी मराठी बोलतो, पण शाळा कन्नड माध्यमात झाली असेल तर फलक कन्नडमध्येच पटकन वाचतो. त्याच्याच बाजूला चंदगडहून येणारा मराठी माध्यमाचा, ज्याला कन्नड ऐकून थोडंफार कळतं पण अक्षर येत नाही. गोकाक किंवा हुक्केरीकडचा कन्नड भाषक मराठी सफाईने बोलतो, पण देवनागरीत लिहिलेली सूचना अडखळत वाचतो. शहरातला उर्दू माध्यमात शिकलेला कामगार तिन्ही भाषांत बोलू शकतो, वाचतो उर्दू. आणि बिहार, ओडिशाकडून ठेकेदारामार्फत आलेल्या मुलांचं तर वेगळंच. ‘मातृभाषा’ या एका रकान्यातून जो तक्ता निघतो त्यावरून फलक छापले, तर चुकीच्या माणसासाठी चुकीचा फलक लागतो.

म्हणून तो रकाना फोडून तीन प्रश्न करा. घरी कोणती भाषा बोलता? तोंडी सूचना कोणत्या भाषेत नीट कळते? वाचायला कोणती सोपी जाते? तिसऱ्या प्रश्नाला ‘वाचता येत नाही’ हाही पर्याय हवा, आणि तो सर्वांसमोर विचारू नये. ज्यांचं उत्तर तसं येईल त्यांच्यासाठी चित्रफलक आणि पाळीच्या सुरुवातीची तोंडी सूचना हाच मार्ग राहतो. व्हॉट्सअॅपवर पाळीचे बदल टाकत असाल, तर लिखित निरोपाच्या जोडीला आवाजातला निरोपही टाका. त्यासाठी एक पैसा खर्च येत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १०८ ने घालून दिलेला नियम असा होता की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यातही तशीच तरतूद होती. कायद्याचं ते किमान झालं. उरलेल्या अल्पसंख्य कामगारांचं काय, हा प्रश्न तिथे सुटत नाही, आणि फौंड्रीत तो जीवावर बेततो. पावसाळ्यात उघड्यावर पडलेला भंगार भिजतो. तो तसाच भट्टीत टाकला तर १४०० अंशांच्या आसपासच्या, वितळलेल्या धातूच्या रसाखाली पाण्याची वाफ होते, तिचं आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढतं आणि रस बाहेर उसळतो. भंगार भरण्याचं काम बहुधा सर्वांत नव्या, ठेकेदारीतल्या माणसाकडे असतं. म्हणजे ज्याला फलकाची भाषा समजण्याची शक्यता सर्वांत कमी, त्याच्याच हातात सर्वांत मोठा धोका. या एका उदाहरणावर प्रशिक्षणात पाऊण तास खर्च व्हायला हवा होता. प्रत्यक्षात सुरक्षा आणि समावेशन यांचा संबंध एका स्लाइडवर आटोपला आहे.

उपाय अवघड नाहीत. भट्टी, क्रेन आणि फोर्कलिफ्टच्या भागात आरोळीचे शब्द ठरवून टाका आणि ते सगळ्यांकडून पाठ करून घ्या: थांबा, निल्लि, रुको. तिन्ही शब्द प्रत्येकाला यायला हवेत, आपापलाच नव्हे. नवीन माणसाला सूचना दिल्यावर ‘समजलं का’ असं विचारू नका, कारण मान सगळेच डोलावतात. त्याला ती कृती करून दाखवायला सांगा. नामफलकावर ६० टक्के जागा कन्नडला देणं कर्नाटकात बंधनकारक आहे, तो नियम पाळावाच. आतल्या धोक्याच्या सूचनेत कन्नडच्या खाली मराठी आणि हिंदी ओळ जोडली तर कोणाचंच काही कमी होत नाही.

प्रशिक्षकांच्या भाषेबद्दलही बोलायला हवं. मुख्य प्रशिक्षक हिंदी-इंग्रजीत बोलतात. मराठी पुस्तिका मिळते, पण तिचं मराठी इतकं जड आहे की सुपरवायझर ती बाजूला ठेवून शेजारच्याला अर्थ विचारतो. कन्नड पुस्तिका मागितल्याशिवाय मिळत नाही. भाषिक समावेशन शिकवणाऱ्या सेवेतली ही उणीव आम्ही गंभीर मानतो. कोटेशन मागतानाच मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतले सहप्रशिक्षक लिहून घ्या. व्याख्यानाचा भाग भाषेनुसार वेगळ्या गटांत घ्या, म्हणजे डोक्यात शिरेल. गटचर्चा मात्र मिसळलेल्या गटांतच घ्या. दिवसभर मराठी एका खोलीत आणि कन्नड दुसऱ्या खोलीत बसवले, तर जेवणाच्या सुट्टीत जी फळी आधीच दिसते तिला कंपनीचा शिक्का बसतो.

१ नोव्हेंबरचा विषय प्रशिक्षणात टाळला आहे. त्या दिवशी शहरात राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी संघटना काळा दिवस पाळतात. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाला हा विषय नको वाटणं समजू शकतं, पण इथल्या व्यवस्थापनाला तो दरवर्षी हाताळावाच लागतो. इथे करायच्या गोष्टी व्यवहाराच्या आहेत. रजेचे अर्ज महिनाभर आधी घ्यावेत आणि कारण विचारू नये. बसचे मार्ग मिरवणुकीच्या वेळेनुसार बदलावेत. कोणत्याही सुपरवायझरने कामगाराला तू कोणत्या बाजूचा असं कामाच्या जागी विचारू नये, आणि हे लेखी असावं. गटाच्या व्हॉट्सअॅपवर त्या आठवड्यात फक्त कामाचे निरोप. एवढं केलं तरी पुरे होतं.

पाहणीच्या भेटीत सेवेचा खरा दर्जा दिसतो. पाहणीला येणारी व्यक्ती टेप घेऊन फिरते. उताराचं प्रमाण १ ला १२ असावं लागतं. म्हणजे दाराशी १५० मिलिमीटरची पायरी असेल तर रॅम्प १८०० मिलिमीटर लांब हवा. बऱ्याच ठिकाणी ट्रॉली चढवायला केलेला आखूड, तीव्र उतार ‘रॅम्प’ म्हणून दाखवला जातो; व्हीलचेअर त्यावरून एकट्याने चढत नाही आणि उतरताना उलटते. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर मोजली जाते, चौकटीसकट नव्हे. महिलांचं स्वच्छतागृह कामाच्या जागेपासून किती पावलं आहे, दुसऱ्या पाळीत त्याची किल्ली कोणाकडे असते, तिथे कचऱ्याचा झाकणाचा डबा आहे का, हे सगळं नोंदवलं जातं. किल्लीचा प्रश्न छोटा वाटतो. पण किल्ली सिक्युरिटीकडे आणि सिक्युरिटी गेटवर असेल, तर बायका पाणी प्यायचं कमी करतात, आणि भट्टीच्या खात्याजवळ त्याचे परिणाम सांगायला नकोत.

सुरक्षेच्या साधनांची मापं हा पाहणीतला दुसरा चांगला मुद्दा. बूट सात-आठ-नऊ नंबरचे घाऊक मागवले जातात. चार-पाच नंबरच्या पायाला ते ढिले होतात, म्हणून कामगार बाई चपलेवर येते आणि मग शिस्तभंगाची नोटीस तिलाच निघते. मोठा हातमोजा कोअर उचलताना निसटतो. ऑर्डर देण्याआधी मापांची यादी घेणं, एवढंच करायचं असतं.

कर्णबधिर कामगारांविषयीची नोंद तर आवर्जून वाचण्यासारखी आहे. मशिनिंगमध्ये त्यांना घेतलं जातं, काम एकाग्रतेचं असतं आणि ते चांगलं करतात. हजेरीपटावर आकडा वाढला की कारखाना समाधानी होतो. पण संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनचा अलार्म नुसता बझरचा असेल, फोर्कलिफ्ट मागे येताना फक्त हॉर्न वाजत असेल आणि आगीची घंटाही आवाजाचीच असेल, तर त्या माणसाला आपण धोक्यात उभं केलेलं आहे. मशिनवर रंगीत टॉवर लाइट, फोर्कलिफ्टपुढे जमिनीवर पडणारा निळा झोत, वळणांवर बहिर्गोल आरसे, आगीच्या घंटेसोबत लुकलुकणारा दिवा: पाहणी अहवालात हे चारही उपाय जागेसकट दिले जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या समान संधी धोरणात सोयी, योग्य पदं, निवडीची पद्धत, संपर्क अधिकारी असा तपशील लागतो. सेवेकडून मिळणारा धोरणाचा नमुना बरा आहे, मात्र त्यातली पदांची यादी ऑफिसच्या कामांची आहे. ती खोडून आपल्या कारखान्यातली पदं लिहा.

तक्रार समितीच्या भागात एक ढोबळ चूक आहे आणि ती लगेच सुधारायला हवी. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या युनिटला २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा ‘लागू नाही’ असं पुस्तिकेत छापलंय. उद्यमबागेत सहा-आठ माणसांवर चालणारी जॉबवर्कची युनिट्स आहेत, त्यांची यातून दिशाभूल होते. कायदा त्यांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती कारखान्यातच हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असावी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरची हवी. मालकाच्या नात्यातल्या बाईंना ‘बाहेरची सदस्य’ म्हणून बसवणं हा समितीचा जीवच काढून घेण्याचा प्रकार आहे. समिती न नेमल्यास दंड ₹५०,००० पर्यंत.

समितीच्या कामातही भाषा येतेच. जबाब बाई मराठीत देते, नोंद इंग्रजीत होते आणि खाली सही घेतली जाते. जबाब ज्या भाषेत दिला त्याच भाषेत लिहावा, तिला वाचून दाखवावा, आणि वाचून दाखवल्याची नोंद सहीच्या वर करावी. सेवेच्या नमुना अर्जात ही ओळ नाही, स्वतः घाला.

मोजणीतली आणखी एक खोट म्हणजे ठेकेदारीचे कामगार. माहितीपत्रक पगारपत्रकावरून भरलं जातं, आणि ते लोक पगारपत्रकावर नसतात. त्यामुळे झाडलोट, फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं) आणि भंगाराचं खातं तक्त्यातून गायब होतं, टक्केवारी मात्र छान दिसते. २०१३ च्या कायद्यात कर्मचारी म्हणजे कायम, हंगामी, ठेक्यावरचा, प्रशिक्षणार्थी असे सगळेच. मोजणी गेटच्या हजेरीवरून करा. आणि कॅन्टीनचा दर, बसची सीट, गणवेश, लॉकर या चार गोष्टी कायम आणि ठेक्याच्या माणसांना कशा मिळतात, त्याचा वेगळा तक्ता मांडा. भेदभाव जातीधर्माचा आहे की कंत्राटाचा, हे तिथे उघड होतं. पुष्कळदा दोन्ही एकमेकांवर बसलेले असतात.

गोपनीयतेबद्दल सेवा सावध आहे, ते बरं आहे. धर्म, जात, तृतीयपंथी ओळख हे रकाने ऐच्छिक ठेवले आहेत. तरीही चाळीस माणसांच्या शॉपमध्ये खात्यानुसार तक्ता काढला की ‘दिव्यांग: १’ म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळतं. पाचपेक्षा कमी संख्येचे गट खात्यानुसार छापू नका, पूर्ण कारखान्याच्या बेरजेतच दाखवा.

प्रमाणपत्राला फार भाव देऊ नये. कार्यशाळेनंतर मिळतं ते उपस्थितीचं. त्यावर आयएसओ ३०४१५ चा उल्लेख असतो. विविधता आणि समावेशनावरचं २०२१ चं ते आंतरराष्ट्रीय मानक मार्गदर्शक स्वरूपाचं आहे, एक दिवस हॉलमध्ये बसल्याने त्याची पूर्तता होत नाही. ग्राहकाच्या प्रश्नावलीला हे प्रमाणपत्र जोडण्यापेक्षा पाहणी अहवाल आणि त्यावर केलेल्या कामांचे फोटो जोडा.

निपाणीच्या तंबाखू वखारी आणि विडी कारखान्यांसाठी हे प्रशिक्षण सध्याच्या रूपात घेऊ नये. तिथे काम दर हजारी विड्यांच्या मजुरीवर चालतं. सहा तास हॉलमध्ये बसवलं तर त्या दिवसाची मजुरी बाईच्या खिशातून जाते. प्रशिक्षणाच्या तासांची सरासरी मजुरी देण्याची तयारी असेल तरच बोलवा, आणि तेव्हाही प्रत्येकी पाऊण तासाची सत्रं कामाच्या जागीच ठेवा.

दर मनुष्यबळानुसार ठरतो आणि प्रत्येकाला वेगळं कोटेशन मिळतं. त्यात मोजणी, कार्यशाळा आणि पाहणी या तीन ओळी स्वतंत्र मागा. पन्नासपर्यंतच्या कारखान्याने मोजणी वर सांगितलेले प्रश्न घालून स्वतः करावी, दुपारचं सत्र आणि पाहणी विकत घ्यावी. त्याहून मोठ्यांनी तिन्ही घ्यायला हरकत नाही. ५० कर्मचाऱ्यांपासून पाळणाघराची सोयही कायद्याने येते आणि तिची जागा पाहणीतच ठरवून घेता येते. पैशांचा शेवटचा हप्ता पाहणी अहवाल हातात पडल्यावरच द्या. भेट दुसऱ्या पाळीत, संध्याकाळी सातनंतर ठेवायला सांगा: तेव्हा एचआर घरी गेलेला असतो, कॅन्टीनमध्ये उरलंसुरलं असतं, स्वच्छतागृहाची किल्ली शोधावी लागते, आणि खानापूरच्या बाजूची शेवटची बस किती वाजता आहे हे बायका आपणहून सांगतात.